वसईच्या कोटातील संत जोसेफचे चर्च

वसई म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पहिल्याने उभे राहते ते १७३९ हे साल. चिमाजी अप्पांची मोहीम, सुरुंगांनी उडालेला बुरूज, आणि नंतर विजयाची नौबत. आमच्या पाठ्यपुस्तकांतील वसई बहुधा येथेच सुरू होते आणि येथेच संपते. त्यामुळे किल्ल्यात शिरल्यावर जी उंच, छप्पर हरवलेली दगडी चर्चे डोळ्यांपुढे येतात, त्यांचे नेमके काय करावे हे आपल्याला कळत नाही. कुणी त्यांच्याकडे शत्रूच्या पराभवाची खूण म्हणून पाहतो, कुणी त्यांत छायाचित्रासाठी रमणीय पार्श्वभूमी शोधतो. दोन्ही वेळा इमारत वाचावयाची राहूनच जाते.

आम्ही मराठीचे अध्यापक. वास्तुशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु एखाद्या जुन्या पोथीत वेगवेगळ्या हातांनी केलेल्या दुरुस्त्या, गळालेली पाने आणि समासातल्या नोंदी जशा वाचाव्या लागतात, तशीच एखादी इमारतही वाचता येते, अशी आमची धारणा आहे. या लेखापुरते आम्ही कोटातील एकच चर्च घेतो: संत जोसेफला अर्पण केलेले, पोर्तुगीज ज्याला ‘मात्रीझ’ म्हणत ते.

‘मात्रीझ’ या शब्दापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. त्याचा अर्थ मातृचर्च, म्हणजे गावाचे मुख्य धर्मग्रामाचे चर्च. इंग्रजी लेखकांनी पुढे याला सरसकट ‘कॅथीड्रल’ म्हटले आणि आपणही तोच शब्द उचलला. वास्तविक कॅथीड्रल म्हणजे जेथे बिशपचे आसन असते ते चर्च. पोर्तुगीज अमदानीत वसईला स्वतःचा बिशप कधीच नव्हता. येथील धर्मकारभार गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत चाले. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९९८ साली, आणि त्याचे कॅथीड्रल कोटात नव्हे, तर कोटाबाहेर पापडी येथे आहे. ही नामांची बारीकसारीक चिकित्सा आहे असे कोणी समजू नये. कोटातले मातृचर्च ओस पडले आणि अडीच शतकांनंतर बिशपचे आसन कोटाबाहेरच्या गावात मांडले गेले, या एका वस्तुस्थितीत वसईच्या ख्रिस्ती इतिहासाचा बराचसा आशय सामावलेला आहे. त्याकडे पुढे येऊच.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. हुमायूनचे संकट अंगावर येत असताना त्याला समुद्रावरील या नव्या सत्तेची मैत्री हवी होती. पुढे वसई ही पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. १५४६ मध्ये पोर्तुगालचा राजा जुआंव तिसरा याने गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रो याला लिहिलेल्या पत्रात वसईत संत जोसेफच्या नावाने चर्च बांधण्याची इच्छा व्यक्त केली. म्हणजे या चर्चचा उगम राजाज्ञेत आहे. हे लक्षात घेतले की कोटातील इतर चर्चांहून त्याचे वेगळेपण उलगडते. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक संघाची कोटात आपापली चर्चे व मठ होते. त्यांच्यात एक प्रकारची स्पर्धाही असे. जेझुइटांच्या ‘येशूचे पवित्र नाम’ या चर्चचा दर्शनी भाग पाहावा: उभ्या पन्हळी कोरलेले स्तंभ, पानाफुलांची कोरिंथियन शीर्षे, संघाची कोरीव आद्याक्षरे. संत जोसेफच्या चर्चमध्ये असा नखरा नाही. ते कोणा एका संघाचे नव्हते; वस्तीचे होते. नामकरण, विवाह, अंत्यविधी या नित्य गोष्टींचे ते ठिकाण.

त्याची बांधणीही या साधेपणाला धरूनच आहे. एकच लांबट दालन, त्याच्या टोकाला वेदीचा कक्ष, दर्शनी बाजूस उंच चौकोनी मनोरा आणि मनोऱ्यावर चढण्यासाठी भिंतीच्या जाडीत बसवलेला अरुंद जिना. बाप्तिस्म्याची वेगळी खोली होती. तिच्या चुनेगच्ची छतावर रंगकामाच्या खुणा मागाहूनच्या पाहणारांनी नोंदवल्या आहेत. मनोऱ्याचे काम दुहेरी होते. त्यात घंटा असे, म्हणजे गावाचा दिवस त्यावर चाले. आणि वरून खाडीचे तोंड व समुद्र दिसे, म्हणजे येणारे गलबत आधी कळे. धर्म, व्यापार आणि पहारा या तिन्ही गोष्टी एकाच मनोऱ्यात नांदत होत्या. पोर्तुगीज सत्तेचे इतके थोडक्यात केलेले वर्णन कागदपत्रांतही क्वचित सापडेल.

मूळ चर्च लवकरच अपुरे पडले असावे, कारण दारावरच्या पोर्तुगीज शिलालेखात पुनर्रचनेची नोंद आहे. १६०१ साली, दों फ्रे आलेशो द मेनेझिस हे आर्चबिशप आणि पेद्रो गाल्वांव परेरा हे येथील व्हिकार असताना, हे मातृचर्च नव्याने बांधले गेले, असा त्याचा आशय. हे मेनेझिस म्हणजे १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूरची धर्मपरिषद भरवून तेथल्या प्राचीन ख्रिस्ती समाजाला रोमच्या शिस्तीत आणू पाहणारे तेच आर्चबिशप. गाल्वांव मात्र इतिहासाच्या मोठ्या रंगभूमीवरचे पात्र नव्हेत. १६१८ मध्ये गोव्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या अस्थी आपण वाढवलेल्या या चर्चमध्ये विसावल्या. त्यांच्या थडग्याच्या दगडावर त्यांनी चर्च वाढवल्याचा आणि सजवल्याचा उल्लेख होता. त्याच १६१८ च्या मे महिन्यात वसईवर भयंकर चक्रीवादळ कोसळले आणि कोटातील चर्चांची छपरे उडाली. वसईतील पोर्तुगीज शिलालेख व अवशेष यांचा पद्धतशीर अभ्यास प्रथम केला तो गोमंतकीय वैद्य आणि इतिहाससंशोधक जुझे जेर्सन द कुन्हा यांनी. चौल आणि वसई यांवरील त्यांचे पुस्तक १८७६ साली प्रसिद्ध झाले.

शिलालेखात आर्चबिशपचे नाव आहे, व्हिकारचे नाव आहे. दगड घडवणाऱ्याचे नाव नाही. हे आपल्या मंदिरांच्या आणि मशिदींच्या शिलालेखांसारखेच झाले. परंतु दगड स्वतः काही सांगतो. तो या भागातला काळा कातळ आहे, सह्याद्रीचा बेसाल्ट. या दगडाला आणि तो घडवणाऱ्या हातांना त्या काळी इतका लौकिक होता की, जुन्या गोव्यात १५९४ ते १६०५ या काळात उभारलेल्या बॉम जेझस चर्चच्या दर्शनी भागासाठी वसईचा दगड समुद्रमार्गे नेण्यात आला. गोव्याचा जांभा भिंतीला चांगला. बारीक कोरीवकामाला तो भुसभुशीत. ते काम वसईच्या काळ्या दगडाने केले. आराखडा लिस्बन-रोमकडचा, पण टाकी येथली, छिन्नी येथली, खांदेही येथलेच. बांधकामाच्या तळावर दोन भाषा कशा एकत्र आल्या याचा पुरावा आपण आजही रोज तोंडाने देत असतो. ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला आणि ‘घमेले’ हा ‘गामेला’वरून. मराठीत पोर्तुगीजांनी आणलेल्या शब्दांची यादी करताना आपण बटाटा, अननस, पगार, चावी यांवर थांबतो. मेस्त्री आणि घमेले हे शब्द त्या अनामिक कामगारांचे शिलालेख आहेत, असे आम्हांस वाटते.

येथे एका कटू गोष्टीला बगल देऊन चालणार नाही. या बांधणीच्या काळातच याच मुलखात मंदिरे पाडली गेली, हेही तितकेच खरे आहे. फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो द पोर्तो यांच्या धर्मप्रसाराच्या कामात देवळांचा विध्वंस ही उघड अभिमानाची बाब होती. साष्टीतील मंडपेश्वराची लेणी, म्हणजे आजच्या बोरिवलीतील, यांनीच चर्चमध्ये रूपांतरित केली. १५६० नंतर गोव्याच्या इन्क्विझिशनची छाया उत्तर प्रांतावरही पडली. धर्मांतरे काही श्रद्धेने झाली, काही लाभासाठी, काही दडपणाखाली. या तिन्हींचे प्रमाण काढण्याचा हट्ट न धरता तिन्ही मान्य करणे हेच इतिहासाला धरून होईल. संत जोसेफच्या चर्चचे सौंदर्य मान्य करण्यासाठी हा भाग पुसावा लागत नाही. आणि हा भाग सांगण्यासाठी त्या दगडावर केलेली कारागिरीही नाकारावी लागत नाही.

सतराव्या शतकात वसई भरात होती. १६३५ च्या सुमारास आंतोनियो बोकारो याने तटाच्या आत ४०० पोर्तुगीज आणि २०० एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबे असल्याचे लिहिले आहे. १६७५ मध्ये आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने सहा चर्चे, चार मठ आणि दोन महाविद्यालये मोजली. याच गावी सोळाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्या शाळेत शिकला, जपानात गेला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. कोकणच्या खाडीकाठचा एक मुलगा आणि जपानचा तो वधस्तंभ यांच्यामधला धागा या कोटातूनच जातो.

मग १७३९. साष्टीची मोहीम १७३७ पासूनच चालू होती. वेढा आवळत गेला तेव्हा पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी जे दिले त्याचा तपशील बोलका आहे: १५,००० रुपयांचे कर्ज, आणि तारण म्हणून चर्चमधील चांदीची भांडी व पितळी तोफा. एका ख्रिस्ती सत्तेने दुसऱ्या ख्रिस्ती सत्तेची पूजापात्रे गहाण ठेवून घेतली. १७३९ चे युद्ध केवळ दोन धर्मांमधले होते असे मानणाऱ्यांनी या व्यवहाराचा अवश्य विचार करावा. मे महिन्यात सुरुंगांनी सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले, मराठ्यांची मोठी हानी झाली, आणि अखेर कायतानो द सौझा परेरा याने शरणागतीच्या अटींवर सही केली. पोर्तुगीजांना शस्त्रांसह मानाने निघून जाऊ देण्यात आले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेच्या उपासनेसाठी काही चर्चे राखण्याची तरतूदही त्या अटींत होती. आपल्या विजयकथेत सुरुंग असतात, ही कलमे नसतात. वास्तविक चिमाजी अप्पांच्या थोरवीची खरी साक्ष या कलमांतच आहे.

यानंतर चर्चच्या घंटा उतरल्या आणि देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर १७०७ ची, जिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. भीमाशंकरालाही अशीच घंटा आहे. या वसईच्या लुटीतल्या म्हणून ओळखल्या जातात. विजयचिन्हे म्हणून त्या नेल्या यात शंका नाही. परंतु लोकांनी त्या वितळवल्या नाहीत, मेरीची प्रतिमा घासून काढली नाही; शंकरापुढे टांगल्या आणि वाजवल्या. पिढ्यान् पिढ्या भाविकांनी त्या ओतीव अक्षरांखाली हात उंचावून घंटानाद केला.

आता प्रश्न उरतो तो असा: संत जोसेफचे चर्च उद्ध्वस्त कसे झाले? सर्वसाधारण समज असा की मराठ्यांच्या तोफांनी. इमारत स्वतः दुसरे उत्तर देते. भिंती उभ्या आहेत, मनोरा उभा आहे, कमानी उभ्या आहेत. नाही ते छप्पर. दालनावरचे छप्पर लाकडी वाशांचे आणि कौलांचे होते. कोकणात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही की कौलारू घर दरसाल मृगाआधी शाकारावे लागते. एक पावसाळा शाकारणी चुकली की कौले सरकतात, दुसऱ्या वर्षी वासे कुजतात, तिसऱ्या वर्षी भिंतीच्या माथ्यातून पाणी आत मुरू लागते; मग चुन्याच्या सांध्यांत पिंपळ आणि वड रुजतात. दगडी चर्चला मारण्यासाठी तोफ लागत नाही. त्यात येणारी माणसे गेली की पुरते.

आणि माणसे गेली होती. मातृचर्चचे जे धर्मग्राम, ते कोटातील पोर्तुगीज व त्यांच्या आश्रयाच्या कुटुंबांचे होते. ती मंडळी मे १७३९ मध्ये गलबतांत बसून निघून गेली. कोट ओस पडू लागला. मराठ्यांनी गावाला ‘बाजीपूर’ असे नाव दिले, पण जुनी नागरी वस्ती परतली नाही. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो परत मिळाला, १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने येथेच तो प्रसिद्ध तह केला, आणि १८१८ मध्ये सारेच इंग्रजांकडे गेले. १८२५ मध्ये बिशप हेबर आले तेव्हा त्यांना दिसले ते मोजके शिपाई, एक नीट राखलेले लहानसे देऊळ आणि पडक्या घरा-चर्चांचा उदास पसारा. पुढे या आवारात उसाच्या लागवडीचा आणि साखरेच्या कारखान्याचाही प्रयोग झाला.

याउलट कोटाबाहेरची चर्चे पाहावीत. निर्मळ, सांडोर, पापडी, आगाशी, नंदाखाल. त्यांचा आरंभही पोर्तुगीज काळातलाच. परंतु तेथले ख्रिस्ती म्हणजे येथलेच बागाईतदार, कोळी, वाडवळ, सामवेदी. त्यांना गलबतात बसून जाण्यासाठी दुसरा देश नव्हता. ते केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांत राहिले. पोर्तुगीज धर्मगुरू गेल्यावर गोव्याच्या एतद्देशीय पाद्र्यांनी त्यांची काळजी वाहिली. चर्चांची शाकारणी होत राहिली, भिंतींना चुना लागत राहिला, पुढे कुठे जुनी इमारत वाढवली, कुठे बदलली. राजाज्ञेने बांधलेले चर्च पडले. रहिवाशांनी धरून ठेवलेली टिकली. आरंभी उल्लेखिलेल्या कॅथीड्रलच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. १९९८ मध्ये बिशपचे आसन पापडीला गेले, कारण धर्मग्राम तेथे होते.

या मंडळींची भाषा मराठी आहे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागावे ही आमच्या क्षेत्राची उणीव आहे. सामवेदी, वाडवळी या बोली मराठीचीच रूपे जपून आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली तेव्हा वसईत ती मराठीत आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक दीर्घकाळ चालवले, ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या निवडीवर काही ठिकाणांहून आक्षेप घेतला गेला होता. तो आक्षेप आणि कोटातील चर्चकडे पाहण्याची आपली रीत यांत आम्हांस एकच अडचण दिसते. १७३९ मध्ये निघून गेलेले पोर्तुगीज आणि येथेच राहिलेले वसईकर यांत आपण फरक करावयास शिकलो नाही. दिब्रिटोंचे २०२४ मध्ये निधन झाले. त्यांनी मराठीत जे लिहून ठेवले आहे ते वाचणे हाच त्या आक्षेपाला उत्तर देण्याचा मार्ग होय.

आज किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. चित्रपट आणि गाण्यांच्या चित्रफितींत त्याच्या कमानी जगभर पोहोचल्या आहेत. ते वावगे नाही. परंतु संरक्षण म्हणजे केवळ झाडोरा काढणे आणि सांधे भरणे नव्हे. दारावरच्या त्या लेखाचा मराठी अनुवाद शेजारी असावा, शरणागतीची कलमे शाळेतल्या मुलांना वाचावयास मिळावीत, नाशिक-मेणवलीच्या घंटांपाशी त्यांचे मूळ गाव लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी किल्ल्यांच्या सहली निघतात. वसईला येणाऱ्या विद्यार्थ्यांना चिमाजी अप्पांच्या स्मारकाला वंदन केल्यावर या मनोऱ्यापाशी अर्धा तास उभे करावे आणि तीनच प्रश्न विचारावेत: हे बांधण्याची आज्ञा कोणी दिली, बांधले कोणी, आणि छप्पर का नाही. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी निघतील, आणि ती तिन्ही मिळूनच वसईचा इतिहास होतो.